तिसरं टेकण

वैनी माझ्या दुकानात पहिल्यांदा आली ती वैशाखातल्या भर दुपारी. मी एका गेटाच्या चौकटीवर वाकून वेल्डिंग करत होतो. तोंडावरची काळी काच बाजूला केली, तर दारात डोक्यावर पदर घेतलेली एक बाई उभी. त्या काचेच्या काळोखातून एकदम उन्हात आलं की घटकाभर समोरचं सगळं पांढरं दिसतं, माणूस ओळखू येत नाही.

"गुरू, मी. वैनी तुझी," ती म्हणाली.

सावंतवाडीहून कुडाळला ती एसटीनं एकटीच आली होती. मी स्टूल पुसून दिलं, माठातलं पाणी दिलं. पाणी पिऊन तिनं पिशवीतून वीतभर लांबीची बांबूची कांडी काढली. कांडीला एका ठिकाणी सुरीनं खूण केली होती.

"लेथाच्या भोकाचा माप," ती म्हणाली. "इतको जाडो दांडो, ह्या खुणेपर्यंत आत जाता. एक टेकण करून होया."

टेकण म्हणजे लाकूड कातायच्या लेथवर, फिरणाऱ्या लाकडाच्या समोर बसवलेली लोखंडाची आडवी पट्टी. खाली उभा दांडा, वर आडवी पट्टी, इतकंच. कातारी तिच्यावर पटाशी टेकवतो आणि लाकडाला लावतो. ती नसेल तर फिरतं लाकूड पटाशी हिसकावून घेईल आणि माणसाच्या अंगावर फेकेल, नाहीतर स्वतःच फुटून तुकडे उडवेल.

"कोणाक होया?" मी विचारलं. उत्तर ठाऊक होतं.

"तेंका."

माझा थोरला भाऊ विश्राम, आमचा दादा, सावंतवाडीच्या लाकडी खेळण्यांचा कातारी. दोन वर्षांपूर्वी काम करताना लाकडाचा तुकडा त्याच्या उजव्या डोळ्यात घुसला. तो डोळा गेला. डावा सहा महिन्यांनी त्याच्या मागून गेला. असं क्वचित होतं, डॉक्टर म्हणाले, एका डोळ्याचं दुखणं दुसरा मनाला लावून घेतो. शिवणीच्या लाकडात गाठ होती, ती उडाली, असं दादानं सगळ्यांना सांगितलं होतं. तेव्हापासून लेथवर चादर पडली होती. पोटापाण्याला वैनी तयार खेळण्यांना रंग द्यायला जायची. मी गणपतीला जायचो, नारळ ठेवायचो आणि बसची वेळ झाली म्हणून निघायचो.

"वैनी, दादाक आता..." मी वाक्य अर्धंच सोडलं.

"दिसना नाय. ठावक असा माका." तिनं पदरानं गळ्यावरचा घाम टिपला. "पण दुपारचे झोपतत ना, तेव्हा हात चलतत तेंचे. डावो पुढे, उजवो मागे, पटाशी धरल्यासारखे. काल मी बाजूक बसान बघी होतंय. झोपेत हसले. आणि जागे झाले ते तुझा नाव घेवनच. म्हणाले, गुरूक सांग, टेकण करून दी म्हणान."

"सावंतवाडीत वेल्डर नाय काय? माकाच कशाक?"

"मीय ताच विचारलंय," वैनी म्हणाली. "गप रवले."

ती गेल्यावर बांबूची कांडी हातात घेऊन मी बराच वेळ बसलो. गेट तसंच राहिलं. बाहेर रस्त्यावरचं डांबर उन्हानं पाण्यासारखं चमकत होतं, आणि त्या खोट्या पाण्यातून गाड्या बिनआवाज येत होत्या, जात होत्या.

पहिलं टेकण मी दोन दिवसांत केलं. जाड पट्टी कापली, खाली दांडा जोडला. मग वाटलं, दादाला दिसत नाही, पटाशी कुठवर आली हे त्याला कळायला हवं. म्हणून पट्टीच्या वरच्या कडेला अर्ध्या अर्ध्या इंचावर कानशीनं खाचा काढल्या. स्वतःवरच खूश होऊन रविवारी घेऊन गेलो.

घराच्या मागच्या पडवीत दादाचा लेथ होता. तिथं लाखेचा आणि सुकलेल्या केवड्याच्या पातीचा वास दोन वर्षांनीही रेंगाळत होता. रंगावर झिलई आणायला केवड्याची पात फिरत्या लाकडावर घासतात. दादा दाराशी खुर्चीवर बसला होता, तोंड माडांकडे.

"गुरू इलो," मी बोलायच्या आधीच तो म्हणाला. "तुझ्या कपड्यांक वेल्डिंगचो वास येता."

मी त्याच्या पायाशी उंबऱ्यावर बसलो. वाऱ्यानं माडांच्या झावळ्या हलत होत्या आणि त्यांच्या सावल्या दादाच्या चेहऱ्यावरून, मिटलेल्या पापण्यांवरून, पाण्यातून मासे जावेत तशा जात होत्या.

"आज पिवळा असा," तो म्हणाला.

"काय पिवळा?"

"सगळा. काल हिरवा होता, ओल्या शेवाळासारखा. डॉक्टर म्हणतत डोळ्यांक जुने रंग आठवतत. मी म्हटलंय, आठवंदेत." मग टेकण मागत त्यानं हात पुढे केला. "हाड बघू."

मी टेकण त्याच्या मांडीवर ठेवलं. त्यानं अंगठा कडेवरून फिरवला. पहिल्या खाचेला थांबला, दुसऱ्या खाचेला थांबला, आणि मोठ्यानं हसला. दोन वर्षांत त्याचं हसू मी ऐकलं नव्हतं.

"ह्या कोणी शिकवल्यान तुका? माझ्या हाताखाली चार वर्सा लेथार होतो, तो तू नव्हेस!"

"तुका अंतर कळाक होया म्हणान..."

"अरे, पटाशी ह्याच्यारून कशी सरकाक होयी? पाण्यारून होडी सरकता तशी. तू पाण्याक दात काढलंस. प्रत्येक दाताक पटाशी अडकतली, आणि लाकडार तितकी वळी उठतली."

मी ओशाळलो. त्याचा हात मात्र अजून टेकणावरच होता. कडेवरून बोट खाली उतरलं, पट्टीच्या पोटाशी, जिथं दांडा तिला वेल्डिंगनं जोडला होता तिथं. त्या जोडाभोवती बोट एकदा सावकाश फिरलं. मग पुन्हा एकदा. आतून वैनीनं चहा झाल्याची हाक मारली तेव्हा मला सुटल्यासारखं वाटलं.

दुसऱ्या टेकणाला वरच्या कडेवर मी जुन्या स्कूटरच्या शॉकअपची सळई बसवली. कडक, गोल, काचेसारखी गुळगुळीत. दादाला ती फार आवडली. अंगठा इकडून तिकडे नेत म्हणाला, "ह्या बरा. ह्याच्यार मुंगीसुद्धा घसरतली."

वैनीनं लेथवरची चादर काढली. दादानं स्वतः चाचपून पांगाऱ्याचा एक ठोकळा दोन टोकांमध्ये बसवला, टेकण त्याच्या समोर आणून स्क्रू आवळला. हातानं लाकूड फिरवून ते टेकणाला कुठं लागत नाही ना हे पाहिलं. पटाशी धरली. डाव्या हाताचा अंगठा पटाशीवर होता, पहिलं बोट टेकणाच्या खालून.

"चालू कर."

मी बटण दाबलं. मोटर घुमली. लहानपणी याच आवाजाच्या बाजूला चटईवर मला झोप लागायची. पटाशी लाकडाला लागली, पहिला भुसा उडाला, आणि टेकण थरथरायला लागलं. आधी बारीक, मग दात वाजावेत तसं. मी दांडा बारीक घेतला होता. वैनीच्या कांडीच्या मापापेक्षा थोडासाच बारीक, पण तेवढा पुरला.

"बंद कर!"

मी बंद केलं. दादा दोन पावलं मागं सरून भिंतीला टेकला होता. कपाळावर घामाचे थेंब. पटाशी अजून हातात, आणि हात पांढरा पडलेला. पडवीत कितीतरी वेळ मोटरचं घरंगळत थांबणं तेवढं ऐकू येत राहिलं.

मग तो पुढे आला, टेकण काढून हातात घेतलं, आणि जोडावर नख टेकवून म्हणाला, "गुरू, ह्या आतपर्यंत गेला काय?"

वेल्डिंग आतपर्यंत गेलं आहे का, की नुसतं वरवर बसलं आहे, असं तो विचारत होता. लोखंडाचं काम करणाऱ्यानं विचारावा तसा प्रश्न. दादानं आयुष्यात वेल्डिंग केलं नव्हतं.

"दांडो बारीक पडलो," मी म्हणालो. "दुसरा करून हाडतंय."

"मी दांड्याचा विचारूक नाय."

मी हात धुवायचं निमित्त करून मागच्या विहिरीवर गेलो. वैनी कठड्याशी उभी होती, मोटर बंद झालेली ऐकून पडवीकडे बघत.

"काय झाला?" तिनं विचारलं.

"दांडो बारीक."

"आणि?"

"आणि काय नाय."

ती माझ्याकडे बघत राहिली, मग विहिरीत बघत राहिली. पाणी खोल होतं. त्यात आमची डोकी हलत होती, दोघांचीही, एकमेकांत मिसळत.

परतीच्या एसटीत मला डुलकी लागली. हात पुढच्या सीटच्या दांड्यावर होता. झोप आणि जागेपण यांच्या मधल्या त्या पातळ जागेत मला जाणवलं की माझं बोट दांड्याच्या खालच्या बाजूनं गंजाचे खड्डे मोजतंय. एक, दोन, तीन. वरून दांडा गुळगुळीत होता, हजारो हातांनी घासलेला. मी ताडकन जागा झालो. खाचा हव्या होत्याच, पण खाली. पटाशी वरून सरकेल, बोट खालून मोजेल.

दुसऱ्या दिवशी मी दुकानाचं अर्धं दार ओढून घेतलं आणि दुसरं काही काम घेतलं नाही.

आधी भंगारातले दोन तुकडे घेतले आणि एकाला एक नुसते चिकटवून वरून वेल्डिंग केलं, ग्राइंडरनं घासून गुळगुळीत केलं. दिसायला देखणं झालं. पकडीत धरून हातोडा मारला. दुसऱ्या घावाला बिस्किटासारखं तुटलं. आत लोखंड लोखंडाला लागलेलंच नव्हतं. मग दुसरे दोन तुकडे घेतले, त्यांच्या कडा तिरप्या घासल्या, मधल्या खाचेत मुळापासून पहिला थर भरला, वरचं कीट ठोकून साफ केलं, दुसरा थर, तिसरा थर. हातोडे मारमारून माझा खांदा भरून आला. तुकडे वाकले. जोड सुटला नाही.

पहिल्या पद्धतीनं तुटलेला तुकडा मी उचलून उजेडात धरला, आणि तिथंच जमिनीवर बसलो.

कारण दादाच्या लेथवर जे टेकण अपघाताच्या दिवशी होतं, तेही मीच केलं होतं. आयटीआय संपवून आलो तेव्हा. दादाला वाटत होतं मी त्याच्यासोबत लाकडाचं काम करीन. मी लोखंडाकडे गेलो, आणि त्याची भरपाई म्हणून ते टेकण करून त्याला दिलं. नुसतं चिकटवून, वरून वेल्डिंग करून, घासून, वर निळा रंग लावून. कडा तिरप्या घासायला मला शिकवलं होतं. मला घाई होती. दादानं ते शेजारपाजाऱ्यांना दाखवलं होतं, माझ्या भावानं केलंय म्हणून.

अपघाताच्या दुसऱ्या दिवशी मी इस्पितळातून घरी जाऊन पडवीत बघितलं होतं. लेथ होता. शिवणीचा फुटका गोळा खाली पडला होता. पटाशी भिंतीशी. टेकण मात्र कुठंच नव्हतं. मी कोपरे बघितले, भुशात पाय घालून बघितलं. कोणाला विचारलं नाही. लाकडात गाठ होती असं दादा म्हणाला, आणि मी त्या गाठीला दोन वर्षं धरून राहिलो.

तिसरं टेकण करायला मला तीन दिवस लागले. दांडा वैनीच्या कांडीला चार वेळा लावून बघितला. जोड थरावर थर भरला. वर शॉकअपची सळई, खाली पोटाशी अर्ध्या अर्ध्या इंचावर खाचा, आणि मधली खाच जरा रुंद, मध्य कळावा म्हणून. जोड घासला नाही. रंगही लावला नाही. जसा झाला तसा दिसू दे, असं वाटलं.

रविवारपर्यंत थांबलो नाही. शुक्रवारी दुपारीच गेलो. दादा पडवीत लेथजवळ उभाच होता, जणू मी येणार हे त्याला ठाऊक होतं. मी टेकण त्याच्या हातात दिलं. अंगठा वरून गेला, बोट खालून गेलं. मधल्या खाचेशी येऊन थांबलं.

"ह्या काय?"

"मध्य."

त्याच्या चेहऱ्यावर हळूहळू काहीतरी पसरलं. बोट पुन्हा टोकाकडे गेलं, पुन्हा मध्यावर आलं. ओठ मोजत होते. मग बोट जोडाकडे वळलं, आणि मला पुढे थांबवेना.

"दादा, लाकडात गाठ नव्हती," मी म्हणालो. "माझा वेल्डिंग सुटला."

उत्तर दारातून आलं. वैनी कधी येऊन उभी राहिली होती कोण जाणे.

"विहिरीत असा ता," ती म्हणाली. "मीच टाकलंय. तेंच्या डोळ्यातसून रगत व्हावत होता, आणि माका म्हणतत, आधी ता टेकण काढ आणि विहिरीत टाक, गुरू येवच्या आधी."

मी लेथची कड धरली.

"तुमका दोघांकय ठावक होता?"

"लाकडात गाठ होती," दादा म्हणाला.

"दादा..."

"होती रे. आणि टेकण सुटला. आधी कोण गेला ता माका दिसाक नाय. तितक्या जवळून माणसाक काय दिसता?" त्याचा आवाज अगदी साधा होता, बाजारातून काय आणायचं ते सांगावं तसा. "तू तेव्हा सत्तावीस वर्सांचो. तुझ्या लग्नाची बोलणी चालली होती. तुका सांगान माझो डोळो परत येवचो होतो?"

मी रडत होतो. त्याला ते ऐकू येत असणार. त्यानं रडू दिलं.

"मग टेकण करूक माकाच कशाक सांगलंस?" शेवटी मी विचारलं.

दादानं टेकण लेथमध्ये बसवलं, स्क्रू आवळला, आणि दोन्ही हातांनी जोर देऊन ते हलतंय का बघितलं. ते हललं नाही.

"माका भीती वाटता," तो म्हणाला. "ह्या टेकणासमोर उभा रवाची भीती वाटता. तुका पण वाटता, म्हणान तू घराक येना नाय. दुसऱ्या वेल्डराक ती वाटली नसती."

वैनी पुढे आली आणि तिनं पांगाऱ्याचा ठोकळा त्याच्या हातात दिला. त्यानं तो बसवला.

"चालू कर."

मी बटण दाबलं. मोटर घुमली. दादानं श्वास आत घेतला आणि पटाशी लावली. टेकण दगडासारखं उभं राहिलं. लाकडाचे कोपरे आधी धडधडले, मग आवाज गोल होत गेला, मऊ होत गेला, आणि पटाशीखालून पांगाऱ्याचा पांढरा, लांबच लांब काप निघून दादाच्या मनगटावर गुंडाळत गेला. त्याचं बोट खालून खाच मोजत सरकत होतं. मध्यावर आलं की तो थोडं आत दाबायचा, पुढे गेलं की सोडायचा. वैनीनं तोंडावर पदर धरला होता.

त्यानंतर दादानं चौदा वर्षं काम केलं. भोवरे, लाटणी, पाळण्यावर टांगायचे पोपट. मी त्याच्यासाठी आणखी सहा टेकणं केली, आखूड, लांब, भांड्याच्या पोटात शिरणारं वाकडं. पण मला आठवते ती त्या शुक्रवारची दुपार, आणि त्यातही तिचा शेवट.

ठोकळा अर्धा गोल झाला तेव्हा दादानं हात थांबवला. मोटर चालूच होती.

"ये हय," तो म्हणाला. "धर."

"मी? मी किती वर्सांत धरूक नाय."

"हात इसरनत नाय. ये."

मी त्याच्या जागी उभा राहिलो. तो माझ्या मागं आला, त्याचे हात माझ्या हातांवर आले, तसेच खरखरीत, लाखेचे डाग मुरलेले, जसे मी बारा वर्षांचा असताना यायचे. पटाशी टेकणावर ठेवली. माझं बोट खालून खाचेत बसलं. मोटरचा तो जुना आवाज छातीत शिरला. दादाला जसं होतं तसंच मलाही व्हावं, निदान तेवढा वेळ तरी, असं काहीतरी वाटून मी डोळे मिटून घेतले. काळोखात लाकूड फिरत होतं, खाच येत होती, जात होती.

"गुरू," कानाशी दादाचा आवाज आला. "डोळे मिटलंस?"

"व्हय."

"उघड ते."

मी उघडले नाहीत.

"उघड रे. हात कापतलो तुझो. तुका दिसता ना? मगे बघ. आणि माका सांग."

मी डोळे उघडले. माडांमधून उतरतं ऊन पडवीत आलं होतं आणि उडणाऱ्या भुशाचा प्रत्येक कण त्यात वेगळा दिसत होता. समोर पांगाऱ्याचं लाकूड इतक्या वेगानं फिरत होतं की ते जागच्या जागी उभं असल्यासारखं वाटत होतं. दुधासारखं पांढरं, आणि त्यात एक बारीकशी करडी रेघ. मी बघत राहिलो आणि दादाला सांगत गेलो.